प्रस्तावना : देठातले नायट्रेट

भंडारा जिल्ह्यात युरियाचा निर्णय बहुतेक वेळा धुऱ्यावर उभे राहून होतो. रोवणी आटोपून दोन-तीन आठवडे झाले, परह्यांनी मूळ धरले, की शेतकरी बांधीचा रंग बघतो. शेजारच्या बांधीपेक्षा आपली पिवळी दिसली की पोते फुटते. वर्षानुवर्षे धान पाहिलेल्या डोळ्याला हिरव्या रंगाच्या छटा चांगल्या कळतात, त्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण पानाचा रंग झालेल्या गोष्टी सांगतो. मुळांनी उचललेला, पण झाडाने अजून न वापरलेला नत्र आज त्याच्या अंगात किती आहे, हे रंगावरून कळत नाही आणि खत द्यायचे की थांबायचे हे ठरवायला तर तेच कळावे लागते. वनस्पतीच्या ऊतींमधले नायट्रेट मोजण्याचे शास्त्र प्रामुख्याने या गरजेतून वाढले. वैनगंगेच्या खोऱ्यातली पिके समोर ठेवून त्या शास्त्राची मराठीत ओळख करून द्यावी, यासाठी हे पुस्तक आहे.

आधी झाडाच्या आत काय घडते ते पाहू. मुळांनी उचललेले नायट्रेट जलवाहिन्यांतून वर चढते. पानात नायट्रेट रिडक्टेज नावाचे विकर त्याचे नायट्राइट करते, पुढच्या टप्प्यात अमोनियम होते आणि त्यातून अमिनो आम्ले, प्रथिने, हरितद्रव्य घडते. जे लगेच खपत नाही ते पेशींमधल्या रिक्तिकांत साठून राहते. देठात आणि खोडाच्या खालच्या भागात विशेष. कोठीतले धान आणि चुलीवर शिजलेला भात यांत जो फरक, तोच देठातले नायट्रेट आणि पानातले प्रथिन यांत आहे. पानातला एकूण नत्र मोजला तर किती शिजले ते कळते, देठातले नायट्रेट मोजले तर कोठीत किती उरले ते कळते. कोठी रिकामी होऊ लागली तरी पान पिवळे पडायला काही दिवस जातात. या चाचणीची सगळी किंमत त्या काही दिवसांत आहे.

मात्र भंडाऱ्यात नायट्रेटवर लिहिणाऱ्याने एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकली पाहिजे. जिल्ह्याचे मुख्य पीक, म्हणजे चिखलणी करून पाण्यात रोवलेले धान, या चाचणीला फारशी दाद देत नाही. बांधीत पाणी उभे राहिले की थोड्याच दिवसांत मातीतला प्राणवायू संपतो. वरचा पातळ थर तेवढा प्राणवायू राखून असतो, त्याखालची माती गुदमरलेली. तिथले जिवाणू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरतात आणि त्यातला नत्र वायू होऊन हवेत जातो. अमोनियम मात्र या थरात टिकून राहते. म्हणून पाण्यातले धान आपला बहुतेक नत्र अमोनियमच्या रूपात घेते आणि मुळातच त्याची अमिनो आम्ले करून वर पाठवते. खोडात-पानात नायट्रेट फारसे साठत नाही, त्यामुळे तिथे ते मोजून हाती काही लागत नाही. जपानमध्ये शिओइरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३०-४०च्या दशकांत भातखाचरातली ही गळती उलगडून दाखवली आणि अमोनियमयुक्त खत वर न फेकता खालच्या थरात गाडावे असे सुचवले. आपल्याकडे डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री भातशेतीत युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध खोल खोचायला सांगितल्या. त्यामागचे रसायनशास्त्र हेच आहे.

पण बांधीतला हा नियम जिल्हाभर आणि बारमाही लागू नाही. धानाची मुळे स्वतःभोवती थोडा प्राणवायू सोडतात, त्या इवल्या पट्ट्यात अमोनियमचे नायट्रेट होते आणि मूळ ते तिथल्या तिथे उचलते. मिळाले तर नायट्रेट घेण्याची धानाची क्षमता पूर्वी वाटत होती त्याहून बरीच चांगली आहे, हे १९९०च्या दशकाअखेरच्या प्रयोगांतून दिसले. २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी एनआरटी१.१बी या जनुकातला एक फरक शोधला. त्यामुळे आपल्याकडे पिकणाऱ्या इंडिका गटाची धाने जॅपोनिका गटापेक्षा नायट्रेट अधिक सफाईने वापरतात. पावसाने ओढ दिली, बांधी भेगाळली, की मातीत हवा शिरते आणि नायट्रेट तयार होते. पुन्हा पाणी भरले की तेच नायट्रेट वायू होऊन उडते. या वायूत नायट्रस ऑक्साइडही असतो आणि हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट जोरकस आहे. आवत्या पेरलेले धान सुरुवातीचे दिवस ओलसर पण न बुडालेल्या मातीत काढते, उन्हाळी धानाला कालव्याचे पाणी पाळीने येते. अशा ठिकाणी ‘धानाला नायट्रेट नाही’ हे वाक्य डोळे मिटून म्हणता येत नाही. कुठे मोजावे आणि कुठे मोजू नये, हे ठरवता येणे हाच आमच्या मते या विषयातला पहिला धडा आहे आणि पुस्तकाचा रोखही तोच आहे.

या शास्त्राचा इतिहास सोऱ्यापासून सुरू होतो. जुन्या भिंतींवर आणि गोठ्याच्या मातीवर फुलणारा सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. बिहारमधला सोरा ईस्ट इंडिया कंपनीने तोफांच्या दारूसाठी जहाजे भरभरून नेला. हेच द्रव्य झाडाचेही अन्न आहे हे पक्के व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८४०च्या सुमारास लीबिगने वनस्पतींच्या खनिज पोषणाची बाजू जोरात मांडली, पण नत्रापुरते हवेतून येणारे अमोनिया पुरेसे आहे असे त्याला वाटत होते. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८४३ पासून शेतात प्रयोग मांडले आणि नत्र खतातून द्यावाच लागतो हे गव्हाच्या उत्पन्नातून दाखवले. हा वाद वर्षानुवर्षे चालला. तो मिटला मोजणीने.

त्या मोजणीच्या दोन वाटा १८८३ या एकाच वर्षी फुटल्या. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत केल्डाल याने एकूण नत्र मोजण्याची पद्धत बसवली. नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा, सगळा नत्र अमोनियमवर आणायचा आणि तो मोजायचा. त्याच वर्षी हान्स मोलिश या ऑस्ट्रियातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने डायफेनिलअमाइन वापरून झाडाच्या कापातले नायट्रेट निळ्या रंगात दाखवले. एका वाटेवर झाडातला सगळा नत्र एकत्र येतो, दुसरीवर त्यातला न वापरलेला भाग वेगळा दिसतो. या दोहोंची गल्लत आजही होते. केल्डालच्या मूळ पद्धतीत नायट्रेट पुरते पकडले जात नाही, त्यासाठी सॅलिसिलिक आम्लाची जोड द्यावी लागते. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘एकूण नत्र’ असे छापलेले असते तेव्हा त्यात नायट्रेट धरले आहे की नाही, हे विचारून घेतले पाहिजे. पालेभाजीच्या नमुन्यात या फरकाने आकडा चांगलाच हलतो.

पीटर ग्रीस याने १८७९ मध्ये नायट्राइटसाठी शोधलेली रंगक्रिया पुढे या विषयाचा कणा झाली. नायट्रेटचे आधी जस्त किंवा कॅडमियमच्या मदतीने नायट्राइट करायचे, मग दोन अभिकारके घालून गुलाबी-जांभळा रंग आणायचा. पाणी तपासायच्या कागदी पट्टीवर जो गुलाबी चौकोन उमटतो तो याच क्रियेचा. १९५३ मध्ये इव्हान्स आणि नेसन यांनी नायट्रेट रिडक्टेज वेगळे काढून अभ्यासले आणि देठातला आकडा का चढतो-उतरतो याचे उत्तर मिळू लागले. या विकराला मॉलिब्डेनम लागते आणि त्याच्या कामाला पानावरचे ऊन लागते. मॉलिब्डेनम कमी पडले तर नायट्रेट वापरले न जाता साचते. श्रावणात आठवडाभर आभाळ झाकलेले राहिले तरीही साचते. म्हणजे देठातला मोठा आकडा ‘खत जास्त झाले’ एवढेच सांगत नाही, ‘ऊन कमी पडले’ असेही सांगत असू शकतो. हे न जाणता केलेल्या मोजणीपेक्षा धुऱ्यावरून बघणारा डोळा बरा.

मोजलेल्या आकड्याला शेतात अर्थ मिळवून दिला तो कॅलिफोर्नियातल्या अल्बर्ट उलरिख यांनी. साखरबीटच्या देठात, कोरड्या वजनावर, दशलक्ष भागांत १००० भाग नायट्रेट-नत्र ही त्यांनी ठरवलेली सीमा प्रसिद्ध आहे. त्याखाली आकडा गेला की वाढीला नत्र कमी पडू लागतो. बीटमध्ये शेवटच्या आठवड्यांत नत्र कमी पडलेलाच हवा असतो, कारण त्याशिवाय साखर भरत नाही. म्हणून तिथे आकडा कधी खाली यायला हवा, हे आकड्याइतकेच महत्त्वाचे ठरले. हवाईत हॅरी क्लेमेंट्स यांनी उसासाठी याच धर्तीवर पिकाची नियमित नोंद ठेवण्याची पद्धत घडवली. पान, पर्णकोष, त्यातले पाणी, नत्र, साखर, सगळ्याचा आलेख लागणीपासून तोडणीपर्यंत. आपल्या राज्यात पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन चालू आहे आणि उशिरा दिलेल्या नत्राने उतारा घसरतो हे इथल्या ऊसकऱ्याला पाठ आहे. मोहाडी-तुमसरकडच्या ऊसवाल्यांनाही ते सांगावे लागत नाही.

महाराष्ट्रात ही विद्या खऱ्या अर्थाने शेतात उतरली ती द्राक्षात. नाशिक-सांगलीचा बागायतदार ‘देठ परीक्षण’ हा शब्द रोजच्या बोलण्यात वापरतो. एप्रिल छाटणीनंतर, सुमारे ४५ दिवसांनी, घडनिर्मितीच्या काळात काडीच्या बुंध्याकडून पाचव्या पानाचा देठ. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ. कोणते पान, कोणता दिवस, हे ठरलेले असल्यामुळेच दोन बागांचे आकडे एकमेकांशी बोलू शकतात. बंगळुरूची भारतीय बागवानी संशोधन संस्था आणि पुण्याजवळ मांजरीला १९९७ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांच्या कामाचा यात मोठा वाटा आहे. पूर्व विदर्भात अशी शिस्त कोणत्याही भाजीपिकाला लागलेली नाही. हे पुस्तक काढण्याची तातडी आम्हाला वाटली ती यामुळे.

आज या क्षेत्रात ढोबळमानाने चार घराणी नांदतात. पहिले कोरड्या नमुन्याचे. १९७५ मध्ये काटाल्डो आणि सहकाऱ्यांनी दिलेली सॅलिसिलिक आम्लाची पद्धत हा त्याचा पाया. वाळवून दळलेल्या ०.१ ग्रॅम भुकटीत १० मिलिलिटर पाणी, ४५ अंशांवर एक तास. गाळलेल्या अर्काच्या ०.२ मिलिलिटरमध्ये तीव्र गंधकाम्लात विरघळवलेले पाच टक्के सॅलिसिलिक आम्ल ०.८ मिलिलिटर, वीस मिनिटांनी सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण सावकाश. पिवळा रंग येतो, तो ४१० नॅनोमीटरवर मोजायचा. कॅडमियमसारखा विषारी धातू लागत नाही, महागडे यंत्र लागत नाही, जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातही जमते. आमचा कल उघडपणे या पद्धतीकडे आहे. बाकीच्या चाचण्यांना कसाला लावायचे तर निकष हाच.

दुसरे घराणे ताज्या रसाचे. देठ पिळायचा, रस पट्टीवर किंवा खिशात मावणाऱ्या विद्युतअग्र मापकावर टाकायचा, मिनिटाभरात आकडा घ्यायचा. तिसरे घराणे पिकाला न दुखावता रंग मोजणाऱ्यांचे. जपानमधून आलेला पानाच्या रंगाचा तक्ता, हरितद्रव्य मापक, आता ड्रोन आणि उपग्रह. धानाला खरी साथ याच घराण्याची. तक्त्याचा वापर अगदी सोपा आहे : आपल्या अंगाच्या सावलीत, दहा चुडांवरचे सर्वांत वरचे पूर्ण उमललेले पान तक्त्याशी ताडायचे, दहातली सहा किंवा जास्त पाने ठरलेल्या पट्टीपेक्षा फिकी असली तर नत्राचा हप्ता द्यायचा, नाहीतर आठ-दहा दिवस थांबायचे. धानात नत्र जास्त झाला की करपा आणि तुडतुडे दोन्ही माजतात, तेव्हा हे थांबणे किती मोलाचे आहे ते इथल्या शेतकऱ्याला वेगळे समजवावे लागत नाही. चौथे घराणे हंगाम संपल्यावर हिशेब मांडणाऱ्यांचे. अमेरिकेत आयोवाच्या ब्लॅकमर यांनी पक्व मक्याच्या ताटाचा बुंध्याजवळचा तुकडा तपासून, दशलक्षात ७०० ते २००० भाग नायट्रेट-नत्र म्हणजे पुरेसे, त्यावर गेले म्हणजे पैसा वाया, असा निवाडा बसवला. त्या वर्षीच्या पिकाला त्याचा उपयोग शून्य, पण पुढच्या वर्षीच्या खताला फार.

ताज्या रसाच्या चाचणीवर थोडे थांबतो, कारण पवनी-मोहाडीच्या वांगीवाल्याच्या हाती खरोखर पडू शकेल अशी चाचणी हीच आहे. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, शेतात नागमोडी फिरत वीसेक झाडांचे नुकतेच पूर्ण वाढलेले पान देठासकट तोडायचे. पाते लगेच खुडून टाकायचे. तसे राहू दिले तर ते देठातले पाणी ओढत राहते आणि आकडा फसवतो. देठ प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी बर्फाच्या डब्यात. घरी आल्यावर देठ खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचे, बारीक कापून मिसळायचे आणि लसूण पिळायच्या दाबणीत घालून रस काढायचा. रस जसाच्या तसा पट्टीवर टाकला तर बहुधा पट्टीची हद्द संपते, म्हणून एक मिलिलिटर रसात एकोणीस मिलिलिटर पाणी घालून वीस पट पातळ करायचे. हे पाणी ऊर्ध्वपातित हवे. विहिरीचे घेतले तर त्यातले नायट्रेट एकोणीसपट होऊन आपल्या वांग्याच्या खात्यात जमा होते.

पट्टी किंवा मापक खरे बोलते का, हे तपासायला दूर जावे लागत नाही. कृषी केंद्रात मिळणारे १३:००:४५ हे पोटॅशियम नायट्रेटच असते. एक ग्रॅम लिटरभर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवले की लिटरमध्ये सुमारे १३० मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र, म्हणजे ५७५ मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रेट होते. ते निम्मे पातळ करून पट्टी बुडवावी आणि २८८च्या जवळपास रंग येतो का पाहावे. या उदाहरणात या विषयातला सर्वांत जास्त नडणारा खड्डाही दिसतो. नायट्रेट आणि नायट्रेट-नत्र यांत ४.४३ पटीचा फरक आहे. कोणी पुस्तकात एक वाचतो, यंत्रावर दुसरे दिसते आणि पोतेभर खताचा निर्णय चुकतो. फ्लोरिडात हॉकमथ यांनी वांग्याच्या देठरसासाठी दिलेल्या मर्यादा पाहा : फळ दोन इंचांचे असताना दशलक्षात १२०० ते १६०० भाग, पहिल्या तोड्याला १००० ते १२००, मध्यावर ८०० ते १०००. हे सगळे नायट्रेट-नत्राचे आकडे आहेत. यंत्र नायट्रेट दाखवत असेल तर यातला १२०० तिथे ५३०० होऊन दिसेल. शिवाय ते आकडे फ्लोरिडाच्या वाळूतले आहेत. आपल्या कन्हारात, मोरांडात, सिहारात, बरडीवर ते तसेच बसतील असे धरणे चूक होईल. सुरुवातीला धरायला दोरी म्हणून ते घ्यावेत, एवढेच.

हे सगळे आताच का, याचे उत्तर जिल्ह्याच्या पाण्यात आणि खताच्या पोत्यात आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्दची पायाभरणी झाली. तुमसरकडे बावनथडीचे पाणी आले. जुने मालगुजारी तलाव आणि बोड्या यांच्या भरवशावर एकच खरीप धान घेणाऱ्या पट्ट्यात उन्हाळी धान आणि भाजीपाला वाढला. दुसऱ्या पिकाबरोबर नत्राचा दुसरा हप्ताही आला. युरियाचे पोते २०१८ पासून ५०ऐवजी ४५ किलोचे झाले, २०१५ पासून देशातल्या युरियाला निंबोळी तेलाचा थर सक्तीचा झाला. अमोनियमचे नायट्रेट होण्याचा वेग कमी करणे हा या थराचा एक हेतू आहे. पण पोत्याची किंमत २६६ रुपये ५० पैशांच्या आसपास राहिल्याने स्फुरद-पालाशाच्या तुलनेत नत्रच हाताशी येतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात. बऱ्याच प्रयोगशाळांत त्यातला उपलब्ध नत्र सुबय्या आणि असिजा यांच्या १९५६च्या परमँगनेट पद्धतीने काढला जातो. पत्रिका पेरणीआधीची मातीची ऐपत सांगते. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात उभे पीक उपाशी आहे की तुडुंब जेवले आहे, हे सांगणे तिचे कामच नाही.

न वापरलेले नायट्रेट जमिनीत थांबत नाही, पाण्याबरोबर खाली जाते. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात देशातल्या सुमारे पाचव्या हिश्शाच्या नमुन्यांत ते त्याहून जास्त निघाले आणि सर्वाधिक बाधित पंधरा जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड, जळगाव असे महाराष्ट्राचे सात जिल्हे होते. त्या यादीत भंडारा नव्हता. चिखलणी केलेल्या बांधीत नायट्रेट वायू होऊन जाते, याचाही त्यात हात असावा असे आम्हाला वाटते. पण भाजीच्या आणि उसाच्या शेताला हे संरक्षण नाही. तान्ह्या बाळाच्या दुधात असे पाणी गेले तर त्याचे रक्त प्राणवायू वाहण्यात कमी पडते आणि अंग निळसर पडते. अमेरिकेत आयोवाच्या डॉ. कॉम्ली यांनी १९४५ मध्ये विहिरीच्या पाण्याशी त्याचे नाते दाखवले.

मोठ्या माणसाच्या ताटातल्या नायट्रेटबद्दल मात्र घाबरवून सोडण्यासारखे काही नाही. जागतिक तज्ज्ञ समितीने दर किलो वजनामागे दिवसाला ३.७ मिलिग्रॅमपर्यंतचे सेवन मान्य केले आहे, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे २२० मिलिग्रॅम. युरोपात ताज्या पालकाला किलोमागे ३५०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. पालक, माठ, मुळा, बीट ही साठवणारी कुळे. वांगे, टोमॅटो, तांदूळ यांत नायट्रेट कमी. बीटातले नायट्रेट रक्तदाब थोडा उतरवते असेही अभ्यास आहेत. पालेभाजी खावी, तोडणीच्या तोंडावर युरिया टाकू नये आणि ढगाळ पहाटेऐवजी उन्हात दुपारनंतर तोडावी, एवढे उत्पादकाने पाळले तरी पुष्कळ आहे.

जनावरांची गोष्ट याहून गंभीर आहे आणि मराठी शेतीलेखनात ती फार त्रोटक येते. कॅन्सासमध्ये १८९५ साली मेयो यांनी मक्याचा कडबा खाऊन मेलेल्या गुरांचा शोध घेतला तेव्हा कारण निघाले सोऱ्याचे. ज्वारी, मका, बाजरी, ओट यांना नत्र भरपूर मिळाला, मग पाऊस ओढला आणि पुन्हा एक सर आली, की बुंध्यात नायट्रेट चढते. गाई-म्हशींच्या पोटात त्याचे झपाट्याने नायट्राइट होते. रक्त चॉकलेटी तपकिरी होते, जनावर धापा टाकते, तासाभरात कोसळू शकते. कोवळ्या ज्वारीच्या सायनाइड विषबाधेत रक्त उलट लालभडक असते. हा फरक पशुवैद्याला पहिल्या नजरेत लागतो, कारण दोन्हींचे उपचार वेगळे आणि नायट्रेटवर मिथिलीन ब्लू. चारा टाकण्याआधी ताट बुंध्याजवळ उभे चिरून डायफेनिलअमाइनच्या द्रावणाचा एक थेंब टाकला तर काही सेकंदांत गडद निळा रंग उठतो. मोलिशची १८८३ची चाचणी इथे जीव वाचवते. या द्रावणात तीव्र गंधकाम्ल असते. हातमोजे आणि चष्म्याशिवाय ते कोणी हाताळू नये आणि घरात मुले असतील तर ते घरात ठेवूच नये.

पुस्तकाची मांडणी या सगळ्या विचारातून आली आहे. वाचक आम्ही तीन धरले आहेत : कृषी पदविकेचा विद्यार्थी, गावचा कृषी सहायक किंवा कृषी केंद्र चालवणारा, आणि चार-दोन एकरांत धानाबरोबर भाजी घेणारा शेतकरी. विद्यार्थ्यासाठी रसायनशास्त्र पूर्ण दिले आहे, गाळलेले नाही. शेतकऱ्यासाठी निर्णय कसा घ्यायचा ते आधी आणि कारण नंतर, असा क्रम ठेवला आहे. धानाचे प्रकरण सर्वांत मोठे आहे. त्यातला बराच भाग नायट्रेट का मोजू नये, त्याऐवजी काय पाहावे आणि कोणत्या बांधीत, कोणत्या आठवड्यात मोजण्याजोगे काही सापडते, यावर खर्च झाला आहे. वांगी, मिरची, कोबीवर्गीय भाज्या, ऊस, गहू आणि चारापिके त्यामानाने आटोपशीर आहेत. हवामानाच्या नोंदींना आम्ही आकड्यांइतकीच जागा दिली आहे.

यंत्रांच्या नावांची आणि किमतींची यादी मुद्दाम दिलेली नाही. ती वर्षभरात शिळी होते. जिल्ह्यासाठी तयार मर्यादांचा तक्ताही दिलेला नाही. तो अजून कोणी बसवलेला आमच्या पाहण्यात नाही आणि बाहेरचे आकडे इथले म्हणून छापणे आम्हाला मान्य नाही. असा तक्ता घडायचा तर साकोलीच्या कृषी संशोधन केंद्रासारख्या ठिकाणच्या प्रयोगांना शेतकऱ्यांच्या नोंदींची जोड मिळाली पाहिजे. एकाच वाणाचे वांगे चार प्रकारच्या जमिनींत, तीन हंगाम, दर दहा दिवसांनी मोजलेले देठ आणि शेवटी किलोंमध्ये आलेले उत्पन्न. हे काम मोठ्या निधीवाचून होण्यासारखे आहे. म्हणून शेवटच्या पानांवर कोऱ्या नोंदवह्या दिल्या आहेत. त्यांत तारीख, तोडणीची वेळ, आभाळ, शेवटचे पाणी, शेवटचे खत, जमिनीचा प्रकार, पानाचे स्थान, किती पट पातळ केले, आकडा, आणि तो नायट्रेटचा की नायट्रेट-नत्राचा, असे रकाने आहेत. शेवटचा रकाना कोरा राहिलेली नोंद आम्ही पुढच्या आवृत्तीच्या संकलनात घेणार नाही.